उघडून राहिलं

शालू,

परवा तुझी तेरवी झाली. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या तुमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. भाजीबाजारातल्या सगळ्या बाया दुकानं बंद ठेवून आल्या होत्या. तुझी आई भिंतीला टेकून बसली होती आणि येईल त्याला एकच सांगत होती, "न सांगता गेली वं माही पोरगी. कुठूनई उठली त 'येतो' म्हनल्याबिगर उठली नाई कधी. अन् आता न सांगता गेली." मी शेजारी बसून तिचा हात धरला, दुसरं काही सुचलं नाही. वेळेवर मला शब्द सुचत नाहीत हे तुला माहीत आहे. भांडताना तेवढे धडाधड सुचतात, आणि आता भांडायला तू नाहीस.

हे लिहायला बसण्याचं कारण फारसं उदात्त नाही. मी काम टाळते आहे. आपल्या भाजीबाजाराच्या साइटचा सर्व्हर बदलायचा आहे. जुनी जागा बंद होणार म्हणून नवी तूच शोधून ठेवली होतीस आणि म्हणाली होतीस, "बरी झाली की पाहतो मी त्याच्याकडे, तू हात लावू नको." आता ते माझ्याच गळ्यात आलं आहे. इतकी वर्षं आपण जठारपेठेतल्या या खोलीत समोरासमोर बसलो, पण पान दिसतं कसं ते मी पाहायचं आणि पोचतं कसं ते तू पाहायचं, अशी आपली वाटणी. सर्व्हरच्या उंबऱ्यात मी कधी पाय ठेवला नाही. आज मला ते पान पोचवायचं आहे आणि मला भीती वाटते आहे. चहा झाला, टेबल पुसून झालं, तुझ्या खुर्चीवरची उशी झटकून झाली. आता तुझ्याशी बोलून घेते, मग कामाला हात घालते.

हे पान जन्माला आलं ते तुझ्या मामांमुळे. नांदगाव खंडेश्वरच्या शिवारात त्यांचा मळा. वांगी, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, फुलकोबी. सकाळी टेम्पो शेताच्या बांधाशी, धुऱ्याजवळ येऊन उभा राहायचा आणि मामांना तिथल्या तिथे ठरवावं लागायचं, माल अमरावतीला धाडायचा की अकोल्याला. तुझी आई अकोल्याच्या बाजारात बसायची खरी, पण तिला फोन लावला तर ती गिऱ्हाइकाशी बोलत बोलतच मामांशी बोलायची, आणि मामांना कळायचं नाही की 'घेऊन जा' हे त्यांना म्हटलंय की गिऱ्हाइकाला. तू म्हणालीस, कुठल्या बाजारात आज कोणता माल फार आलाय आणि कोणता कमी पडतोय, हे एका पानावर दिसलं पाहिजे. अकोल्याचं तू बायांना विचारायचीस, अमरावतीचं माझा भाऊ कळवायचा. हळूहळू आजूबाजूच्या गावांतले मळेवाले तेच पान पाहून टेम्पो कुठे वळवायचा ते ठरवू लागले.

पण पान बनवणं सोपं, मामांच्या फोनवर उघडणं अवघड. त्यांच्या मळ्यात टॉवरची एकच दांडी मिळते, तीही धुऱ्यावरच्या बाभळीखाली उभं राहिलं तर. तू प्रत्येक बदलानंतर त्यांना फोन लावायचीस.

"मामा, उघडलं का?"

"उघडून राहिलं."

म्हणजे अजून उघडतच होतं. तू थांबायचीस. पेन कानामागे खोचायचीस, काढायचीस.

"अन् आता?"

"उघडूनच राहिलं ना माय."

मागे टेम्पोवाला भोंगा वाजवत असायचा. मग मामा म्हणायचे, "जाऊ दे, अमरावतीलेच धाडतो," आणि तुझा चेहरा असा पडायचा की जणू फुलकोबी तुझ्याच अंगणात सडली. पान किती जड झालं हे मोजायची साधनं आपल्याकडे होती, पण तू त्यांच्याकडे बघतही नव्हतीस. मामा किती वेळा 'उघडून राहिलं' म्हणाले, हेच तुझं माप. पुण्याच्या एका ओळखीच्या माणसाला मी हे सांगितलं, तो स्वतः हीच कामं करतो. त्याने विचारलं, "म्हणजे नक्की काय, उघडलं की राहिलं?" मी हसले. तू हसली नाहीस. तू म्हणालीस, "बरोबर इचारून राहिला थो. राहिलंच."

माझं म्हणणं होतं की नेटवर्क आज ना उद्या सुधारेल, आपण कशाला जीव काढायचा. तू म्हणायचीस, "सुधरंल. लय सुधरंल. पन मामाची कोबी उद्याच जाऊन राहिली." एक गोष्ट एकदा सांगून तुझं कधी भागलंच नाही. "जेवली काय, जेवली ना, खरंच जेवली ना?" हे तू मला रोज विचारायचीस. मी मास्तरांची मुलगी, आमच्या अमरावतीच्या घरात शुद्ध बोलायची आणि मोजकं बोलायची सक्ती. तुझ्या एका निरोपात मी तीन निरोप बसवले असते.

मग तुझा तो पराक्रम. पान प्रमाण भाषेत होतं आणि तुला ते वऱ्हाडीत हवं होतं. बाजारात बोलतो तसं पानानेही बोलावं, म्हणजे मामांना वाचायला बरं. कल्पना चांगलीच होती. पण एकेक वाक्य बदलायचा तुला कंटाळा. तू एका झटक्यात यंत्राला सांगितलंस, जिथे 'ला' असेल तिथे 'ले' कर, जिथे 'ळ' असेल तिथे 'य' कर. मला, तुला, बाजाराला, सगळं एका दमात वऱ्हाडी झालं. मुळ्याचा मुया झाला, कुणाची हरकत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांचा फोन. "शालू, हे अकोले कोन्तं गाव काढलं वं? लय दूर हाय काय?"

अकोल्याचं अकोले झालं होतं. शिमला मिरचीची शिमले मिरची झाली होती, लाल भोपळ्याचा लेल भोपया. आणि बाळापूरचं बायापूर. मी टेबलावर डोकं ठेवून हसले, तू मात्र चिडून एकेक गाव जागेवर आणत बसलीस आणि पुटपुटत होतीस, "मशिनीले काय समजते, मशिनीले काय समजते." तुझ्या आईला बायापूर इतकं आवडलं की तिने पुढे कित्येक दिवस बाळापूरहून येणाऱ्या भाजीवालीला 'बायापूरवाली' म्हणूनच हाक मारली. तेरवीला ती आली होती. मला ओळखून म्हणाली, "मी बायापूरची." मला तिथे हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही आलं.

आपलं खरं भांडण झालं ते अक्षरांवरून. पान पुन्हा जड झालं होतं. भाज्यांची नावं, गावांची नावं, सूचना, सगळं एका स्क्रिप्टच्या फाइलमध्ये, आणि ती फाइल फोनवर उतरल्याशिवाय पानावर काहीच दिसत नसे. मी कारण शोधून काढलं. इंग्रजी अक्षर जेवढी जागा घेतं, त्याच्या तिप्पट जागा आपलं अक्षर घेतं. काना वेगळा, मात्रा वेगळी, प्रत्येकाचं वजन वेगळं. मी म्हटलं, नावं इंग्रजी अक्षरांत लिहू, फाइल निम्म्याहून कमी होईल.

"मामा 'एम-ई-टी-एच-आय' अशी मेथी लावते काय?"

"अगं, वाचता येईल त्यांना."

"वाचता येईन. पन थे मेथी नाई राहायची." आणि मग, उभी राहून, "तिप्पट त तिप्पट. आपले अक्षर जड हाय म्हनून आपनच फेकून द्याचे काय?"

मी म्हटलं, मग राहू दे उघडून. आठवडाभर आपण फक्त कामापुरतं बोललो. त्या आठवड्यात तू काय करत होतीस ते मला कळत नव्हतं. सर्व्हरच्या काळ्या पडद्यावर काहीतरी लिहायचीस, पुसायचीस, परत लिहायचीस. एका दुपारी, बाहेर अकोल्याचं ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नाही, तू हाक मारलीस, "रेखे, ये इकडं. पाह्य."

पडद्यावर नुसता कचरा होता. चौकोन, प्रश्नचिन्हं, कुठल्या भाषेतलं नाही असं काहीतरी.

"बिघडवलीस ना फाइल?"

"बिघडवली नाई. दाबली."

लहानपणी तू जिनिंगच्या आवारात कापसाची गठाण बांधताना पाहिली होतीस. ढीग एवढा मोठा की त्यात पोरं लोळायची, आणि यंत्राने दाबल्यावर तोच कापूस ट्रकमध्ये रांगेने बसायचा. म्हणून त्या दाबलेल्या फाइलला तू गठाण म्हणालीस, आणि पुढे कायम गठाणच म्हणालीस. पण कापूस आत हवा असते म्हणून दबतो, अक्षरांत कुठे हवा असते, असं मी विचारलं. तेव्हा तू खुर्ची माझ्याकडे वळवलीस.

"माही माय बाजारात कशी वरडते?"

"ताजा सांबार घ्या, ताजी मेथी घ्या, ताजे वांगे घ्या."

"मंग? 'घ्या' कितीदा म्हनली? मशीन पहिल्या खेपेले 'घ्या' लिहून घेते. दुसऱ्या खेपेले लिहितच नाई. नुसतं म्हनते, इतकं मांगं जाय अन् तितकं उचल. तिसऱ्या खेपेले बी तसंच. मामाचा फोन मांगं जाते, उचलते, जाग्यावर ठेवते. मामाले पत्ता लागत नाई."

"आणि वाटेत काही सांडत असेल ना? एखादा काना, एखादा अनुस्वार?"

"पाह्य तूच."

तू गठाण सोडलीस आणि मूळ फाइल आणि सोडलेली फाइल शेजारी शेजारी लावलीस. सुनेच्या पोळीत सासू खोट शोधते तशी मी ओळीओळीने शोधत गेले. बाळापूर बाळापूर होतं. मुया मुया होता. एक काना इकडचा तिकडे नव्हता. कचऱ्यातून सगळा बाजार जसाच्या तसा उठून बसला होता, आणि तू जिथे दोनदा 'या, या' लिहिलं होतंस तिथे दोनदाच होतं.

मी मात्र अजून अडून बसले होते. म्हटलं, तरी आपली अक्षरं तिप्पट जड आहेत, त्याचं काय? तेव्हा तू हसलीस. ते हसू मला आता या खोलीत दिसतं आहे. तू म्हणालीस, आपल्या प्रत्येक अक्षराचे तीन तुकडे असतात ना, त्यातले पहिले दोन जवळजवळ सगळ्यांचे सारखेच. एका भावकीतले लोक, आडनाव एकच, नाव तेवढं वेगळं. मग यंत्र आडनाव पुन्हा पुन्हा कशाला लिहील? जे वजन मी तुला दोष म्हणून दाखवत होते, तेच सगळ्यात आधी उतरलं. अक्षर एकही बदललं नाही, आणि फाइल मी इंग्रजीत करून जेवढी केली असती त्याहूनही लहान झाली.

शालू, मी थक्क झाले होते. मला वाटलं होतं, कमी करायचं म्हणजे काहीतरी टाकून द्यायचं. मी आयुष्यभर तेच करत आले, बोलण्यात, कपाटात, माणसांतसुद्धा. आणि तू एक शब्द न टाकता सगळं हलकं केलंस. तू तीन तीनदा बोलायचीस म्हणून मी तुझी टिंगल केली होती, आणि हे यंत्र सांगत होतं की तीनदा बोलल्याचं ओझं होत नाही. जे पुन्हा पुन्हा येतं त्याला जवळजवळ जागाच लागत नाही. त्या दुपारी मी तुला यातलं काहीच म्हणाले नाही. मी म्हणाले, "बरं आहे." माझ्या 'बरं आहे'चा अर्थ तुला कळायचा, असं धरून चालते.

मग तू मामांना फोन लावलास. मी कान लावून उभी होते.

"मामा, उघडलं का?"

"उघडलं."

नुसतं उघडलं. 'राहिलं' नाही. तुला पटलं नाही, तू त्यांना बंद करून पुन्हा उघडायला लावलंस, आणि पुन्हा उघडलं. मामा म्हणाले, "काय केलं वं? खाली काई राहिलं त नाई ना टाकाचं?" बघ, त्यांनाही तीच शंका.

त्यावर तू ती ओळ लिहिलीस. स्क्रिप्टचं सगळं काम झालं की पानाच्या अगदी तळाला उमटेल अशी शेवटची ओळ. ती दिसली म्हणजे वरचं सगळं पोचलं. आता फोनवर तुझा प्रश्न बदलला. 'उघडलं का' ऐवजी "सगयं आलं का? शेवटची ओळ वाचा," आणि मामा वाचायचे, "बरं, येतो मंग."

मला ती ओळ अजिबात आवडली नाही. मी म्हटलं, भाजीच्या पानावर हे काय? खूणच हवी तर एखादी टिकली लाव. तू म्हणालीस, बाजारातून उठताना कोणी टोपली डोक्यावर घेऊन तसंच चालू लागतं काय? "येतो म्हनलं की बाजूच्या बाईले समजते, उद्या हाय हे." मग मी व्याकरणावर आले. निदान 'येते' तरी कर, पान काय पुरुष आहे? कुणीतरी वाचकानेही तसं लिहून कळवलं होतं. तू त्याला उत्तर दिलंस, "आमच्याकडे बाया-मानसं सगये येतोच म्हनतात. जातो कोनी नाई म्हनत." मी ती ओळ दोनदा काढायला सांगितली, दोन्ही वेळा तू "बरं" म्हणालीस आणि काढली नाहीस. ते भांडण अजून मिटलेलं नाही, शालू. अर्धं राहिलं आहे.

अमरावतीच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुला बोलायची मनाई होती. तू, आणि न बोलता! मी आपली माझ्या पद्धतीने मोजकं बोलायची, मग मोजकंही संपायचं, मग मी सर्व्हरचं काहीबाही विचारायची आणि तू डोळ्यांनी 'हात लावू नको' म्हणायचीस. शेवटच्या संध्याकाळी निघताना मी म्हणाले, "येते गं." तुझ्या भुवया वर गेल्या. मला कळलं. मी हसून म्हटलं, "'येतो' नाही म्हणणार. येतेच म्हणणार." सकाळी दवाखान्यातून माझ्या भावाचा फोन आला.

तुझी आई म्हणते ते खरं आहे, तू न सांगता गेलीस. तोंडावर नळी होती, सांगणार कशी, हे तिला डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं. तिला ते कळतं आणि तरी ते पुरत नाही. मलाही पुरत नाही.

तू एकदा म्हणाली होतीस की यंत्राला मागे जाता येतं, पण एका मर्यादेपर्यंतच. त्याहून मागे गेलेलं असेल तर तो शब्द पुन्हा पूर्ण लिहावा लागतो. म्हणून तुझं एवढं सगळं लिहिलं. तुझं नाव अजून इतकं जवळ आहे की कुणी नुसतं 'ती' म्हटलं तरी बाजारात सगळ्यांना कळतं. पुढे कळणार नाही, तेव्हा पूर्ण लिहिलेलं कुठेतरी असावं.

आता उठते. मामांच्या टेम्पोची वेळ होत आली.

•

काम झालं. कसं झालं ते तुला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

फाइली नव्या जागी ठेवल्या. तुझी गठाणही ठेवली, नावागावासकट. सर्व्हरला सांगितलं, कुणी स्क्रिप्ट मागितली तर ही दाबलेली दे. मग मामांना फोन लावला. फोन नवा घेतलाय त्यांनी, पण धुरा तोच, बाभूळ तीच आणि दांडी एकच. माझा नेटवर्क सुधारण्याचा मुद्दा आजही धुऱ्यापर्यंत पोचलेला नाही.

"मामा, रेखा बोलते. पान उघडा."

"बरं माय." थोड्या वेळाने, "उघडून राहिलं."

मी पडद्याकडे वळले.

"वरचं नाव आलं," मामा म्हणाले. "खाली कोरं हाय. काईच नाई."

मागे भोंगा वाजला. मी त्यांना टेम्पो थांबवायला सांगितलं. तुझ्या खुर्चीकडे पाहिलं. तू गठाणीबद्दल जे घोकायचीस ते आठवलं, आणि तू तीन तीनदा घोकायचीस म्हणूनच आठवलं: "चिठ्ठी लाव. गठाणीवर चिठ्ठी लाव. चिठ्ठी नसली त समोरच्याले काय समजते, आत कापूस हाय का कचरा?" मी दाबलेली फाइल पाठवत होते, पण ती दाबलेली आहे हे फोनला सांगतच नव्हते. बिचारा फोन तो चौकोनांचा कचरा तसाच वाचायला बघत होता आणि गप्प बसत होता. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एक ओळ घातली, ही गठाण आहे, सोडून वाच. बस, तेवढीच चिठ्ठी.

"मामा, बंद करून परत उघडा."

'उघडून राहिलं' येईल म्हणून वाट पाहिली. ते आलंच नाही.

"उघडलं," मामा म्हणाले.

आणि शालू, माझ्या तोंडून आपोआप निघालं, "सगयं आलं का?" सगयं! मास्तरांच्या मुलीच्या तोंडून. आयुष्यात मी कधी सगयं म्हटलं नव्हतं.

"थांब, खाली जातो." मामा एकेक नाव वाचत खाली जाऊ लागले. वांगे. सांबार. मेथी. मुया. लाल भोपया. तू हाताने जागेवर आणलेलं बाळापूर. मी ऐकत होते. तू नाहीस, आणि तू मांडलेला बाजार त्या एका दांडीवरून जसाच्या तसा पोचत होता, एक काना न सांडता, तुझ्या बोलीत, तुझ्या क्रमाने. यंत्र मागे मागे जात होतं आणि तुझं उचलून जागेवर ठेवत होतं. माणसाने असं काही करून ठेवावं आणि निघून जावं, याचं मला अजून नवल वाटतं आहे.

"शेवटची ओळ वाचा, मामा."

बाभळीत वारा होता, टेम्पोचं इंजिन चालू होतं. ती ओळ त्यांना वाचायची गरज नव्हती, पाठच होती. तरी त्यांनी वाचली, हळू, एकेक अक्षर.

"बरं… येतो मंग."

मग मामा बोलले, पण माझ्याशी नाही. निघणाऱ्याने 'येतो' म्हटलं की घरातला मोठा माणूस त्याला देतो ते उत्तर.

"ये माय. ये."

माल अकोल्याला निघाला आहे. मीही निघाले आहे, मोर्णा नदीच्या पुलापलीकडे, तुझ्या आईकडे, फोन घेऊन. तिला वाचता येत नाही, तळाची ओळ मीच वाचून दाखवीन. आणि तू जिंकलीस, शालू. मी 'येतो'च वाचीन.